एकेचाळिसावा तुंबा

म्बातूर
शनिवार, दिनांक २८ मे २०१६

चिरंजीव कशिमाना हीस थोरला मामा उकेयीमा याचा आशीर्वाद.

तुझे पत्र गाडीवाल्या अग्बेरने काल आणून दिले. त्यावर तारीख नव्हती. मी चौथी इयत्ता उत्तीर्ण आहे. आमच्या काळी तारखेविना पत्र लिहिणाऱ्यास गुरुजी उन्हात उभे करीत. तू तर मकुर्डीस बियाणे तपासणाऱ्या केंद्रात नोकरी करतेस. असो.

मी फोन घ्यावा, असे तू सुचवले आहेस. येथे फोनसाठी टेकडी चढावी लागते, आणि टेकडीवरून ओरडून बोललेले साऱ्या गावास ऐकू जाते. पत्र बरे.

सोयाबीनची चौकशी केलीस म्हणून खरे ते लिहितो. दोन वर्षे शेंगा कमी आणि दाणा बारीक येत आहे. तुला ठाऊकच आहे की एकतीस वर्षे म्बातूरचे बियाणे माझ्या मडक्यांतून जाते. पेरणीच्या आठवड्यात चाळीस घरांचे चाळीस भोपळ्याचे तुंबे माझ्या अंगणात रांगेने लागतात. मी ते स्वहस्ते भरतो. सुगीनंतर ज्याचा तुंबा त्याने भरून परत आणायचा; ते दाणे खाण्याकडे जातात, बियाणे मी माझ्याच शेतातले राखतो. बियाणे घेणारा आभार मानीत नाही, कारण आभार मानलेले बियाणे उगवत नाही, असे तुझ्या आजोबांनी मला सांगितले आणि मी गावाला सांगितले. गतवर्षी परत आलेले काही तुंबे गळ्यापर्यंतच भरलेले होते. कोणी काही बोलले नाही, परंतु मी पाहिले.

बोलली ती एकटी दूसूर, माझ्या दिवंगत धाकट्या भावाची पत्नी. भर अंगणात म्हणाली, “भाऊजी, बियाणं म्हातारं झालं, का बियाणंवाले?” बायका हसल्या.

तू म्हणतेस की जमिनीला काही द्यावे लागेल. जे द्यायचे ते पाठव. चाळीस घरांचे बियाणे हेच माझे नाव आहे. मला दुसरे नाव नाही.

उकेयीमा


मकुर्डी
९ जून २०१६

आदरणीय मामा,

तारीख घातली आहे, वरच पाहा. आता मला उन्हात उभं करू नका.

बियाणं म्हातारं झालेलं नाही आणि तुम्हीही नाही. जमीन भुकेली आहे. आईबरोबर तुम्ही माती पाठवली होती, ती मी स्वतः तपासली. तिच्यात स्फुरद जवळजवळ उरलेलाच नाही, आणि सोयाबीनचा दाणा भरतो तो स्फुरदावर. सोबतच्या पोत्यात करडी भुकटी आहे. पेरताना ती ओळीत, बियाण्याच्या जरा खाली पडू द्या.

दोन काळ्या पुड्याही पाठवते आहे. एक तुमची आणि एक दूसूरमामीची. त्यांत डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत. ते मुळांवर बारीक गाठी करतात, आणि त्या गाठींतून झाड आपलं नत्र हवेतून मिळवतं. पेरायच्या दिवशी सावलीत बसून बियाण्याला साखरपाण्याचा हात लावा, पुडी चोळा आणि त्याच दिवशी पेरा. या झाडाला युरिया देऊ नका. आयतं मिळालं की ते गाठीच करत नाही.

पोतं दोन्ही शेतांना पुरेल. पेरणीपर्यंत पुडी बियाण्यासारखीच जपा. तुमच्यासारखं बियाणं कोण जपतं? तेव्हा मला काळजी नाही.

तुमची भाची,
कशिमाना


म्बातूर
सोमवार, दिनांक १८ जुलै २०१६

चिरंजीव कशिमाना,

पेरणी यथास्थित पार पडली. तुंबे रांगेने लागले आणि मी ते भरले. कोणी आभार मानले नाहीत.

तुझे पत्र मी दूसूरला दोनदा मोठ्याने वाचून दाखवले, कारण तिला अक्षरओळख नाही. तू ‘बियाण्यासारखी जपा’ असे स्पष्ट लिहिले होतेस. मी त्याचे अक्षरशः पालन केले आणि पुडी घरात बियाण्याची जी जागा आहे तेथे ठेवली. दूसूरने काय केले ते ऐक. तिने पुडी हुंगली आणि म्हणाली, “याला ओल्या मातीचा वास येतोय. हे विरजण आहे. मी ज्वारीची बियर लावते, मला विरजण कळतं.” आणि पुडी पाण्याच्या मडक्याखाली ओल्या वाळूत पुरून ठेवली! मी म्हणालो, “पत्रात असे लिहिलेले नाही.” ती म्हणाली, “पत्र लिहिणारीनं कधी बियर लावलीय का?” शिक्षण नसले म्हणजे असे होते.

पोत्याचाही योग्य विनियोग झाला. अर्धे तिने नेले.

ईश्वर तुला सुखी ठेवो.

उकेयीमा


मकुर्डी
१४ ऑगस्ट २०१६

आदरणीय मामा,

दूसूरमामीला माझा नमस्कार सांगा, आणि सांगा की पत्र लिहिणारीनं कधीच बियर लावलेली नाही.

तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी मनातून जात नाहीत. तुमच्या घरात बियाण्याची जागा कुठली? आणि योग्य विनियोग म्हणजे काय? तुम्ही नेहमी साधं लिहिता. शब्द एवढे ताठ उभे राहिले की मला भीती वाटते.

आता पेरून चार आठवडे झाले असतील. एक झाड हलक्या हातानं उपटा. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी आहेत का? असल्या तर एक नखानं चिरा. आत लाल दिसलं तर काम चालू आहे. पांढरं दिसलं किंवा गाठीच नसल्या तर लगेच कळवा.

कशिमाना


म्बातूर
शुक्रवार, दिनांक २ सप्टेंबर २०१६

चिरंजीव कशिमाना,

चिंतेचे कारण नाही. मध्यंतरी पाने किंचित पिवळी पडली होती. त्यावर योग्य तो उपचार केला आणि आता शेत असे उभे आहे की वाटेने जाणारा थांबतो. झाडे कमरेला लागतात. पान इतके गडद की दुरून काळे दिसते. शेजारचा त्योकासे काल बांधावर उभा राहून म्हणाला, “बाबा, यात बैल हरवला तर सापडायचा नाही.”

दूसूरची झाडे गुडघ्याशी थांबली आहेत. मी तिला म्हणालो, “विरजण नीट लागलेले दिसत नाही.” यावेळी हसणारे माझ्या बाजूचे होते. ती म्हणाली, “भाऊजी, पानं शिजवून खायची असतील तर तुमचंच शेत बरं.”

उभे झाड उपटून पाहण्याविषयी तू लिहिले आहेस. लावलेले झाड पाहण्याकरिता उपटणे आमच्या घरात झालेले नाही आणि होणार नाही.

उकेयीमा


मकुर्डी
१३ सप्टेंबर २०१६

आदरणीय मामा,

तुमचं पत्र काल आलं आणि काल रविवार होता की सोमवार, हेसुद्धा मला आठवत नाही. एवढं खरं सांगा: उपचार म्हणजे युरिया का?

असेल तर ऐका. तुमचं झाड हिरवं आहे ते पोटभर नत्र मिळालं म्हणून. त्याला आता पानंच करायची आहेत, दाणा धरायची घाई नाही. उंच झाड पावसात लोळेल, शेंगा मातीला टेकतील आणि बुरशी धरेल. जे उरेल ते उशिरा आणि एकेक करून पिकेल. स्फुरद मुळांपर्यंत पोचला असेल तर थोडं सावरेल. पोचला आहे ना?

मी चिडून लिहीत नाही. तुमचं घर म्हणजे माझं आजोळ. आपल्यात म्हणतात, सारं जग पाठीस लागलं तरी आजोळचं दार उघडं असतं. ते दार तुमच्याही बाजूनं उघडं असू द्या.

कशिमाना


म्बातूर
मंगळवार, दिनांक २० डिसेंबर २०१६

चिरंजीव कशिमाना,

उत्तरास विलंब झाला. सुगीची कामे होती.

सोबत एका परिचिताचे बियाणे पाठवीत आहे. ते उगवेल किंवा नाही, याविषयी त्यास शंका आहे. कृपया तपासून कळव. तो मनुष्य प्रतिष्ठित असल्याने त्याचे नाव लिहीत नाही.

दूसूरनेही पदराच्या गाठीतले मूठभर बियाणे अग्बेरकडे दिले असल्याचे समजते. मला न विचारता दिले.

येथे सर्व क्षेम आहे.

उकेयीमा


मकुर्डी
९ जानेवारी २०१७

आदरणीय मामा,

तुमच्या परिचितांच्या बियाण्यातले शंभर दाणे मी ओल्या कागदात घातले. आठव्या दिवशी एकोणतीस उगवले. मला खरं वाटेना म्हणून पुन्हा शंभर घातले. सव्वीस उगवले. दूसूरमामीच्या शंभरातले चौऱ्याण्णव उगवले, आणि वजनाला तिचा दाणा जवळजवळ दीडपट भरला. मूळ बियाणं एकाच मडक्यातलं आणि पाऊसही तोच. फरक पोटात काय गेलं एवढाच.

परिचितांना सांगा की हे बियाणं खायला चांगलं आहे, पेरायला नाही. आणि त्यांच्याकडून दुसरं कोणी बियाणं नेत असेल, तर पेरणीआधी त्या लोकांना सांगावं लागेल. पेरणीचा आठवडा वर्षात एकदाच येतो. उगवलं नाही हे कळेपर्यंत तो निघून जातो, आणि ती घरं वर्षभर सोयाबीनवाचून राहतात.

त्यांना आणखी एक सांगा, कारण ते स्वतःला दोष देत असतील. मी आईला विचारलं, आजोळी बियाण्याची जागा कुठली? ती हसली आणि म्हणाली, “एवढंही ठाऊक नाही? चुलीच्या वर, धुरात. किडा लागू नये म्हणून.” मामा, त्या पुडीतले जीव महिनाभर चुलीवर भाजले गेले. ‘बियाण्यासारखी जपा’ हे वाक्य माझं आहे. मी शहरात वाढले. माझ्या मनात बियाणं थंड कपाटात असतं. परिचितांनी माझी आज्ञा पाळली आणि त्यापायी त्यांचं नुकसान झालं. तेवढी चूक माझी.

जाता जाता, त्यांच्या पिशवीवर वार, तारीख, महिना आणि साल सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. फार टापटिपीचे गृहस्थ दिसतात. त्यांना माझा नमस्कार.

कशिमाना


म्बातूर
सोमवार, दिनांक १३ मार्च २०१७

चिरंजीव कशिमाना,

तुझा निरोप परिचितास पोचवला. तो विचार करीत आहे.

त्याने घरीही दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून पाहिले. तीन उगवले. आठवड्याने पुन्हा दहा बांधले. दोन उगवले. तिसऱ्यांदा बांधले तेव्हा त्याने सर्वांत टपोरे दाणे निवडले होते, तरीही तीनच. तो दिवसातून कितीदा तरी मडक्याचे झाकण काढून आत पाहतो, झाकण ठेवतो, शेतापर्यंत जातो आणि परत येऊन झाकण काढतो. पत्नी विचारते, “काय हरवलंय?” तो म्हणतो, काही नाही.

त्याचे म्हणणे असे की बियाणे वाटून गप्प राहिल्यास दोष पावसावर जाईल. पाऊस कोणास उत्तर देत नाही. ते वाक्य तो मनात पुनःपुन्हा म्हणतो, परंतु त्यानंतर त्यास जेवण जात नाही.

जूनच्या आरंभी दोन पुड्या आणि एक पोते पाठवता आल्यास पाठव. पुड्या दूसूरच्या नावे पाठव.

उकेयीमा


मकुर्डी
६ जून २०१७

आदरणीय मामा,

पुड्या आणि पोतं अग्बेरकडे दिलं आहे. दोन नाही, सहा पुड्या आहेत. या वेळी मी लिहिते: थंड जागी, ओलाव्याशेजारी, चुलीपासून आणि उन्हापासून दूर. दूसूरमामीला विचारून ठेवा.

परिचितांना एवढंच सांगा की मी वाट पाहते आहे.

कशिमाना


म्बातूर
बुधवार, दिनांक ९ ऑगस्ट २०१७

चिरंजीव कशिमाना,

परिचित नावाचा कोणी मनुष्य नाही. ते तू जाणतच होतीस.

पाच जुलैस तुंबे लागले. मी पहाटेपासून अंगणात येरझाऱ्या घालीत होतो. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे वस्त्र नेसलो होतो, जे मी फक्त लग्नात आणि मयतीत नेसतो. लोकांनी ते पाहिले आणि कोण वारले, असे एकमेकांस विचारू लागले. चाळीस तुंबे रांगेत होते. मी पहिला उचलला आणि हातात तसाच धरून उभा राहिलो.

मी म्हणालो, “या मडक्यांतले बियाणे उगवणार नाही. दहांतले तीन उगवतील. मला जानेवारीपासून ठाऊक आहे.”

मग मी सारे क्रमाने सांगितले. चुलीवर पुडी टांगली, हे सांगितले. तुझ्या वाक्याचा उल्लेख केला नाही. ते आपल्या दोघांतले आहे. पाने पिवळी पडली तेव्हा येणारेजाणारे पाहतील, या लाजेने मी बाजारातून युरिया आणला आणि तुझी मनाई असतानाही घातला, हे सांगितले. आणि जे तुलाही लिहिले नव्हते तेही सांगितले, म्हणून येथे लिहितो. पोत्यातली माझी अर्धी भुकटी मी सोयाबीनला घातलीच नाही. ती मी याम कंदांच्या ढिगांना घातली. याम हा पुरुषाचा मान आहे. यामच्या आधी सोयाबीनच्या तोंडी घास देणे माझ्या हातून झाले नाही.

प्रथम त्योकासे बोलला. “म्हणजे आमचं सोयाबीन यामनं खाल्लं!”

कोणीतरी मागून विचारले, “याम तरी मोठे झाले का, बाबा?”

खोटे बोलण्याचे सर्व प्रसंग मी आधीच संपवले होते. मी म्हणालो, “होय. मांडीएवढे झाले.”

तेव्हा सारे हसले. कशिमाना, मी बत्तीस वर्षे त्या अंगणात उभा आहे आणि माझ्यावर असे हसणे कधी ऐकले नाही. मला वाटले होते की असे घडले तर मी जगणार नाही. मी तुंबा हातात धरून उभाच होतो.

त्योकासेची आई मात्र हसली नाही. ती म्हणाली, “जानेवारीपासून ठाऊक होतं, तर आम्ही दुसरीकडून आणलं असतं. आता पेरणी दारात आली. आता कुठून आणायचं?”

दूसूर उठली. घरी गेली आणि दोन सुनांसह डोक्यांवर तीन मडकी घेऊन आली. अंगणाच्या मध्यभागी ठेवून म्हणाली, “पूर्ण तुंबा मिळायचा नाही. अर्धा अर्धा घ्या, आणि विरळ पेरा. भुकटी आणि विरजण माझ्याकडे आहे, लावून देते. भाऊजींच्या मडक्यातलं दळून उकडून खाऊ, त्यात वाईट काही नाही.” मग माझ्याकडे वळली. “या, तुम्ही वाटा. हात तुमचा सवयीचा आहे.”

मी नकार दिला. ज्याचे बियाणे त्याचा हात, हाही नियम मीच केला आहे. ती म्हणाली, “बरं. मग तुमचा तुंबा कुठाय?”

माझा तुंबा रांगेत कधीच नव्हता. मी घरात गेलो. माझी पत्नी तो हातात घेऊन दाराशीच उभी होती. मी तो रांगेच्या शेवटी नेऊन ठेवला. एकेचाळिसावा. दूसूरने चाळीस भरले आणि माझ्यापाशी आली. तळाचे दाणे खरवडून तिने माझा अर्धा भरला. इतरांहून एक मूठ कमी नाही आणि एक जास्त नाही. मी पाहत होतो.

मी म्हणालो, “दूसूर, मी तुझे—”

“भाऊजी, तोंड मिटा,” ती म्हणाली. “बियाणं आहे.”

मी तोंड मिटले.

दुसऱ्या दिवशी तिच्या ओसरीच्या सावलीत बसून मी बियाण्यास साखरपाण्याचा हात लावला. तिने दोनदा सांगितले की मी फार जोराने चोळतो आहे. या वेळी भुकटी ओळीत पडली. यामला काही दिले नाही.

आज पाच आठवडे झाले. झाडे गुडघ्याखाली आहेत आणि पान साधे हिरवे आहे. कोणी थांबून पाहत नाही. सकाळी मी शेतात गेलो, कोणी नाही असे पाहिले आणि एक झाड उपटले. आमच्या घरात हे प्रथमच घडले. मुळांवर गाठी होत्या. तू लिहिलेस त्याहून मोठ्या होत्या. एक नखाने चिरली. आत लाल होते.

मी ते झाड पुन्हा मातीत रोवले आणि पाणी घातले. ते जगणार नाही, हे मला ठाऊक आहे.

पुड्यांबद्दल तुझे आभार मानीत नाही.

तुझा मामा,
उकेयीमा